अँटिबायोटिक स्वस्तात घ्यायचं, पण नीट: चिठ्ठीपासून शेवटच्या डोसपर्यंत

अँटिबायोटिकच्या बाबतीत लोक पैसे वाचवतात ते नेमके चुकीच्या ठिकाणी. पंधरा गोळ्या लिहिल्या की आठच घ्यायच्या, ताप उतरला की उरलेल्या डब्यात टाकायच्या, पुढच्या आजारपणात डॉक्टरची फी वाचवायला त्याच बाहेर काढायच्या, नाहीतर शेजारच्याला ज्याने गुण आला तेच नाव मेडिकलवाल्याला सांगून मोकळं व्हायचं. आणि जिथे खरंच पैसे वाचतात, म्हणजे डॉक्टरसमोर बसलेलो असताना आणि काउंटरवर चिठ्ठी पुढे केल्यावर, तिथे मात्र आपल्या तोंडातून शब्द फुटत नाही. स्वस्त पडायचं ते गोळ्या घ्यायला सुरुवात करायच्या आधी, त्यानंतर काटकसर बंद. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम बदलू नका.

आधी हे वाचा: श्वास लागतोय, माणूस बरळतोय किंवा जागं करूनही नीट जागा होत नाहीये, मान आखडली आहे, लघवी जवळजवळ बंद झाली आहे, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आहे, तर हा लेख बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. स्वस्त-महाग नंतर बघता येईल.

पायरी १: घरातून निघायच्या आधी एक कागद लिहा

डॉक्टरसमोर गेल्यावर निम्म्या गोष्टी आठवत नाहीत, आणि ज्या आठवत नाहीत त्यामुळेच औषध बदलावं लागतं, म्हणजे दुसऱ्यांदा फी आणि पहिली स्ट्रिप वाया. कागदावर एवढं पाहिजे: सध्या चालू असलेली सगळी औषधं, त्यात बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, डिप्रेशन, रक्त पातळ करायची गोळी, आणि ज्यांना लोक औषधात धरतच नाहीत अशा ॲसिडिटीच्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यासुद्धा. किडनी किंवा लिव्हरचा काही त्रास असेल तो. गरोदर आहात का, तशी शक्यता आहे का, बाळाला अंगावर पाजता का. मागच्या तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का, घेतलं असेल तर कुठलं. पेशंट लहान मूल असेल तर त्याचं आजचं वजन, अंदाजे नाही, काट्यावर बघून, कारण मुलांचा डोस बहुतेक वेळा वजनावरच काढतात.

आणि ॲलर्जी. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सविस्तर. "मला पेनिसिलिन चालत नाही" एवढंच लिहू नका, नेमकं काय झालं होतं ते लिहा. अंगावर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, घशात आवळल्यासारखं झालं, हे सगळं गोळी घेतल्यावर किती वेळाने झालं, आणि किती वर्षांपूर्वी. नुसती मळमळ किंवा जुलाब झाले असतील तर ती ॲलर्जी नव्हे, तो साइड इफेक्ट. अमेरिकेतली आकडेवारी अशी सांगते की साधारण १० टक्के लोकांच्या कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते, पण नीट तपासणी केली तर १ टक्क्याहून कमी लोकांना ती खरोखर असते. हा चुकीचा शिक्का एकदा बसला की पुढे आयुष्यभर जास्त महाग आणि जास्त जहाल औषधं पदरात पडतात. पण म्हणून शिक्का स्वतःच पुसायचा नाही, घरी एक गोळी घेऊन बघू असला प्रयोग तर अजिबात नाही. डॉक्टरला विचारा, टेस्ट करता येते.

पायरी २: डॉक्टरसमोर बसल्यावर विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न सगळ्यात स्वस्त आहे: "डॉक्टर, अँटिबायोटिक लागेलच का?" अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही. सर्दी, फ्लू, बरेचसे घसादुखीचे प्रकार आणि छातीत कफ असलेला साधा खोकला हे बहुतेक वेळा व्हायरसचं काम असतं. शेंबूड किंवा कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे बॅक्टेरियाच, हा समज इतका पक्का बसलाय की काही डॉक्टरही पेशंटच्या समाधानासाठी लिहून देतात. पेशंटला औषध हवंच आहे असं वाटलं की डॉक्टरचा हात चिठ्ठीकडे जातो, त्यामुळे तुम्हीच "नको असेल तर नको" म्हणालात तर बोलणं एकदम वेगळ्या वळणाला लागतं.

लगेच लागणार नाही असं दिसलं तर विचारा की दोन-तीन दिवस थांबून बघता येईल का, आणि काय झालं तर परत यायचं. काही डॉक्टर चिठ्ठी देतात पण अमुक दिवसात बरं वाटलं नाही किंवा त्रास वाढला तरच औषध आणा असं सांगतात, ही रीतसर पद्धत आहे, टाळाटाळ नव्हे. अर्थात थांबायचं हे डॉक्टरने ठरवायचं, दुखणं अंगावर काढणं वेगळं.

लागणारच असेल तर पुढचे प्रश्न:

टेस्ट करायची आहे का, आणि ती पहिल्या डोसच्या आधी करायची आहे का. लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट) द्यायचं असेल तर गोळी सुरू व्हायच्या आधी सॅम्पल द्या, कारण एक-दोन डोस पोटात गेले की कल्चरमध्ये बऱ्याचदा काही उगवतच नाही आणि टेस्टचे पैसे पाण्यात जातात. रिपोर्ट यायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात, आणि त्यात कुठलं औषध चालतं हे दिसतं, कधीकधी त्यामुळे महागाचं बंद करून साधं सुरू करता येतं.

जुनं, साधं औषध चालेल का. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिक्सचे तीन गट केलेत: ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह. ॲक्सेस म्हणजे नेहमीच्या इन्फेक्शनला आधी वापरायची, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, सेफॅलेक्सिन, नायट्रोफ्युरँटॉइन. वॉच म्हणजे जपून वापरायची, त्यात ॲझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्झिम ही घराघरात पोचलेली नावं आहेत. रिझर्व्ह म्हणजे शेवटचा उपाय, लिनेझोलिड, कोलिस्टिन वगैरे. ॲक्सेस गटातली औषधं बहुतेक जुनी, म्हणून बऱ्याच कंपन्या बनवतात आणि सहसा स्वस्तही पडतात. नवीन औषध म्हणजे जास्त पॉवरचं असं काही नसतं, त्या जंतूवर चालणारं ते चांगलं.

इंजेक्शनऐवजी गोळी चालेल का. सुई म्हणजे लवकर गुण, हा आणखी एक महागडा समज. डॉक्सिसायक्लिन, मेट्रोनिडाझोल, लिव्होफ्लॉक्सासिन यांच्यासारखी औषधं तोंडाने घेतली तरी जवळपास पूर्ण रक्तात पोचतात. पेशंटला उलट्या होत असतील, तो फार आजारी असेल किंवा इन्फेक्शन खोल असेल तर सलाइन-इंजेक्शन लागतंच, पण नसेल तर विचारायला काय हरकत आहे.

मूळ औषधाचं नाव लिहून मिळेल का, म्हणजे ब्रँडऐवजी जेनेरिक. आणि शेवटचा, किती दिवस आणि एकूण किती गोळ्या. सरळ सांगा की बजेट एवढं आहे. डॉक्टरला परिस्थिती कळली नाही तर तो त्याप्रमाणे लिहिणार कसा.

पायरी ३: दवाखान्याच्या दारातच चिठ्ठी वाचा

घरी गेल्यावर नाही, तिथेच, अक्षर लागलं नाही तर परत आत जाऊन विचारता येतं. पाच गोष्टी वाचता आल्या पाहिजेत: औषधाचं नाव, पॉवर मिलिग्रॅममध्ये, प्रकार (साधी गोळी, कॅप्सूल, हळूहळू सुटणारी गोळी, सिरप), दिवसातून किती वेळा, किती दिवस.

मग गणित करा. दिवसातून तीन वेळा, पाच दिवस, म्हणजे पंधरा. दुकानदार दहाची अख्खी स्ट्रिप देतो म्हणून दहा आणायच्या नाहीत, आणि दोन अख्ख्या स्ट्रिप गळ्यात मारतोय म्हणून वीसही आणायच्या नाहीत. सिरपचंही तसंच, ५ मिली तीनदा पाच दिवस म्हणजे ७५ मिली लागणार, बाटली ६० मिलीची असेल तर चौथ्या दिवशीच ती संपते आणि कोर्स मध्येच तुटतो.

पॉवरच्या गणितात एक सापळा आहे. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिड (जंतूंनी अमॉक्सिसिलिन निकामी करू नये म्हणून जोडलेलं) यांची जी ६२५ ची गोळी मिळते तिच्यात ५०० अमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्युलॅनिक ॲसिड असतं. ३७५ च्या गोळीत २५० आणि १२५. म्हणजे ६२५ नाही मिळाली म्हणून ३७५ च्या दोन घेतल्या तर अमॉक्सिसिलिन बरोबर जातं पण क्लॅव्युलॅनिक ॲसिड दुप्पट, आणि पोट बिघडवतं ते मुख्यतः तेच. दुकानदार "दोन घ्या, तेच आहे" म्हणाला तर तेच नाहीये.

चिठ्ठीवर एकाच गोळीत दोन-दोन औषधांचं कॉम्बिनेशन दिसलं तर दोन्ही कशासाठी ते विचारा. काही कॉम्बिनेशन्स चांगली अभ्यास केलेली आहेत, वरचं त्यातलंच, पण कित्येक अशी आहेत की जागतिक आरोग्य संघटनेने ती वापरू नयेत अशी वेगळी यादीच केली आहे.

पायरी ४: पैसे वाचवायची जागा

आता खरी काटकसर. नियम एकच: तेच औषध, तीच पॉवर, तोच प्रकार. या तीन गोष्टी जुळल्या की कंपनी कुठलीही असो, किंमत कमी असेल ती घ्या.

"जेनेरिक म्हणजे कमी औषध असतं ना?" नाही. यामागे ८० ते १२५ टक्के या आकड्याचा गैरसमज आहे. जेनेरिकला मान्यता देताना ते रक्तात किती आणि किती वेगाने पोचतं याची मूळ ब्रँडच्या औषधाशी तुलना करतात, आणि त्या तुलनेतल्या अंदाजाचा संपूर्ण पट्टा ८० ते १२५ च्या आत बसावा लागतो. गोळीत औषध ८० टक्केच घातलेलं असतं असा त्याचा अर्थ नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १२ वर्षांतल्या २,०७० अशा चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा रक्तात पोचलेल्या एकूण औषधातला सरासरी फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघाला. फरक पडतो तो औषध नीट बनवलंय का, नीट साठवलंय का याने, ते पुढच्या पायरीत.

काउंटरवर विचारायची वाक्यं अगदी साधी आहेत: "यातलंच, याच पॉवरचं, सगळ्यात कमी किमतीचं दाखवा." "पूर्ण कोर्सचे किती होतात?" एका स्ट्रिपची किंमत विचारू नका, स्ट्रिप सहाची, दहाची, पंधराची असते, तुलना होत नाही. दोन-तीन दुकानांत फोन करून नाव, पॉवर आणि एकूण संख्या सांगून विचारा. काही औषधांची गोळी आणि कॅप्सूल यांच्या किमतीत बराच फरक असतो, गोळीऐवजी कॅप्सूल किंवा उलट चालेल का ते डॉक्टर किंवा फार्मासिस्ट लगेच सांगतो. सरकारी दवाखाना, विमा, कामाच्या ठिकाणची आरोग्य योजना, यातलं काही तुम्हाला लागू असेल तर त्यांच्या यादीत हे औषध आहे का ते खिशात हात घालायच्या आधी बघा.

चिठ्ठीच्या शेपटाकडेही बघा. बऱ्याचदा अँटिबायोटिक स्वस्त असतं आणि बिल फुगतं ते सोबतच्या व्हिटॅमिन, प्रोबायोटिक, ॲसिडिटीची गोळी, टॉनिक यांनी. डॉक्टरला फोन करून विचारा यातलं नसलं तरी चालेल असं काय आहे. आपल्या मनाने गाळायचं ठरवलं तर नेमकं कामाचं गळतं, म्हणून विचारून गाळा.

सावध: "हे नाहीये, पण याच ग्रुपमधलं देतो" हे वाक्य ऐकलं की थांबा. कंपनी बदलणं वेगळं आणि औषध बदलणं वेगळं. औषध बदलायचं तर डॉक्टरला फोन, दुकानदाराने परस्पर नाही. आणि पूर्ण कोर्स परवडतच नसेल तर अर्धा कोर्स आणण्यापेक्षा तिथूनच डॉक्टरला सांगा की हे झेपत नाही, दुसरं सुचवा. लाज वाटते खरी, पण अर्ध्या कोर्सचे पैसे सगळ्यात वाईट गुंतवलेले पैसे असतात, आजार परत उलटला की सगळं पहिल्यापासून.

पायरी ५: काउंटर सोडायच्या आधीची तपासणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या अंदाजाप्रमाणे कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दर १० औषधांपैकी साधारण १ निकृष्ट किंवा बनावट असतं, आणि तक्रारींत अँटिबायोटिक्स वरच्या नंबरात. म्हणून पैसे देण्याआधी एक मिनिट:

नाव आणि पॉवर चिठ्ठीशी अक्षर न् अक्षर जुळवा, एकसारखी ऐकू येणारी नावं पुष्कळ आहेत. एक्स्पायरी आणि बॅच नंबर दिसतोय का बघा, आणि कोर्स संपेपर्यंत तारीख टिकतेय का तेही. कापलेल्या स्ट्रिपवर तारीख नसेल तर दुसऱ्या बाजूचा तुकडा मागा. छपाई पुसट, स्पेलिंग चुकलेलं, स्ट्रिप फुगलेली, गोळीचा भुगा, कॅप्सूल चिकटलेल्या, रंग डागाळलेला, यातलं काहीही असलं तर परत करा. बिल घ्या, बॅच नंबर असलेलं. बिलाशिवाय थोडं कमी करून देतो म्हणाला तर तो डिस्काउंट नको.

ऑनलाइन घेत असाल तर एक सोपी कसोटी: जी वेबसाइट चिठ्ठी न मागता अँटिबायोटिक द्यायला तयार आहे तिच्याकडून घेऊ नका. लायसन्स नंबर, खरा पत्ता आणि बोलायला फार्मासिस्ट, हे तिन्ही पाहिजेत, आणि लायसन्स तुमच्या देशाच्या औषध प्रशासनाच्या यादीत सापडलं पाहिजे. बाजारापेक्षा अशक्य वाटेल इतकी कमी किंमत ही सोय नाही, इशारा आहे. प्राण्यांसाठीची, माशांच्या टँकसाठीची अँटिबायोटिक्स स्वस्त मिळतात म्हणून माणसाने घेणं हाही प्रकार चालतो, त्याबद्दल जास्त बोलत नाही, करू नका.

पायरी ६: पहिल्या गोळीच्या आधी वेळापत्रक लावा

पूर्ण पैसे मोजून आणलेलं चांगलं औषध इथे वाया जातं, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

"दिवसातून तीन वेळा" म्हणजे सकाळ-दुपार-संध्याकाळ जेवणाला धरून नाही, जमेल तितकं आठ-आठ तासांनी. दोन वेळा म्हणजे बारा तासांनी. मोबाईलला अलार्म लावा.

जेवणाचं औषधागणिक वेगळं असतं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड जेवायला सुरुवात करताना घ्यायचं, पोट कमी बिघडतं. सेफ्युरॉक्झिमच्या गोळ्या आणि नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर, कारण त्याने ते जास्त शोषलं जातं. पेनिसिलिन व्ही आणि फ्लुक्लोक्सासिलिन मात्र रिकाम्या पोटी. आपलं कुठल्या गटातलं हे फार्मासिस्टकडून स्ट्रिपवर लिहून घ्या.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन या दोघांचं कॅल्शियम, लोह, झिंक आणि ॲसिडिटीच्या काही औषधांशी वाकडं आहे, पोटातच एकमेकांना चिकटतात आणि शोषले जात नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर घ्यायचं नाही, आणि लोह-कॅल्शियम-अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं. म्हणजे बघा, चिठ्ठीवर वर सिप्रोफ्लॉक्सासिन आणि खाली "ताकद येण्यासाठी" लोहाची गोळी, दोन्ही एकाच वेळी गिळल्या तर वरची जवळपास फुकट. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते, त्यामुळे झोपायच्या तोंडावर ती घेऊ नका. ती चालू असताना उन्हात कातडी पटकन भाजते, अंग झाका.

मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू बंद, आणि संपल्यावरही तीन दिवस.

इथे थांबून कागद परत काढा, पायरी १ मधला. या जोड्या दिसल्या तर गोळी घ्यायच्या आधी फोन करा: रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि जवळपास कुठलंही अँटिबायोटिक, कोलेस्टेरॉलचं सिमव्हास्टॅटिन आणि क्लॅरिथ्रोमायसिन, आखडलेले स्नायू सैल करणारं टिझानिडिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन, संधिवातावर वगैरे देतात ते मेथोट्रेक्सेट आणि ट्रायमेथोप्रिम असलेलं औषध, डिप्रेशनच्या गोळ्या आणि लिनेझोलिड. गरोदरपणात डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कुळातली औषधं सहसा टाळतात, पेनिसिलिनच्या कुळातली बऱ्याचदा चालतात, पण हे डॉक्टरने सांगायचं. गर्भनिरोधक गोळीबद्दल नेहमी विचारलं जातं: टीबीवरचं रिफॅम्पिसिन आणि त्याच्या कुळातली औषधं तिचा परिणाम घालवतात, बाकीची अँटिबायोटिक्स थेट घालवत नाहीत, पण उलट्या-जुलाब झाले तर गोळी टिकत नाही हे लक्षात ठेवा.

पायरी ७: मुलांचं ड्राय सिरप (मोठ्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल)

जमलं तर दुकानातच फार्मासिस्टकडून बनवून घ्या. घरी बनवायचं तर असं: बाटली उलटसुलट करून, तळावर टिचक्या मारून पावडर मोकळी करा. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी आधी निम्मं घाला, झाकण लावून चांगलं हलवा, गोळे राहिले नाहीत बघा. मग उरलेलं पाणी. बाटलीवर खूण असेल तर फेस खाली बसल्यावर पातळी उतरते, तेव्हा परत खुणेपर्यंत भरा. खूण नसेल तर मिली लिहिलेले असतात, तेवढंच मोजून. कोमट किंवा गरम पाणी चालत नाही. पाणी जास्त पडलं तर प्रत्येक डोस पातळ जातो, कमी पडलं तर जास्त कडक.

बाटलीवर बनवल्याची तारीख लिहा. बनवलेलं सिरप कंपनीप्रमाणे ७, १० किंवा १४ दिवस टिकतं, लेबल काय म्हणतं ते खरं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिडचं फ्रिजमध्ये ठेवायचं, क्लॅरिथ्रोमायसिनचं मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, घट्ट आणि आणखी कडू होतं. म्हणजे सरसकट सगळी सिरपं फ्रिजमध्ये, हे चूक. दोन बाटल्या लागणार असतील तर दुसरी आजच बनवू नका.

प्रत्येक डोसच्या आधी हलवा. सिरिंजने किंवा सोबतच्या मापाने मोजा, घरातल्या चमच्याने नाही, चमचे काही एका मापाचे नसतात. दुकानदाराने पॉवर बदलून दिली, म्हणजे ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमऐवजी ५ मिलीत २५० मिलिग्रॅमवालं दिलं, तर तेवढेच मिली दिल्यावर डोस दुप्पट होतो. ही चूक सर्रास होते, लेबल वाचा.

पायरी ८: कोर्स चालू असताना

एखादा डोस राहिला तर आठवल्याबरोबर घ्या, पण पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्या. भरपाई म्हणून दोन एकदम नाही. घेतल्यावर लगेच, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर परत द्यायचं का ते फोन करून विचारा.

बहुतेक नेहमीच्या इन्फेक्शनमध्ये दोन ते तीन दिवसांत फरक दिसायला लागतो. पहिल्याच संध्याकाळी ताप उतरला नाही म्हणून डॉक्टर बदलून दुसरं, जास्त स्ट्राँग अँटिबायोटिक सुरू करणारे लोक आहेत, दोन्हीचे पैसे जातात आणि कशाने गुण आला तेही कळत नाही. तीन दिवस झाले आणि काहीच फरक नाही, किंवा मध्येच जास्त झालं, तर त्याच डॉक्टरला दाखवा.

घाबरायचं कशाला नाही: थोडी मळमळ, थोडे पातळ जुलाब, मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव, नायट्रोफ्युरँटॉइनने गडद पिवळी-तपकिरी लघवी, रिफॅम्पिसिनने नारिंगी लघवी.

गोळी थांबवून लगेच मदत घ्यायची कशाला: ओठ-जीभ-चेहरा सुजणं, श्वास अडकणं, चक्कर येऊन कोसळणं, अंगभर फोड येऊन किंवा तोंडात जखमा होऊन कातडी सोलणं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनच्या कुळातलं औषध चालू असताना टाचेच्या मागची शीर दुखायला लागली किंवा हातापायांना मुंग्या-जळजळ सुरू झाली तर पुढची गोळी न घेता फोन. पाण्यासारखे वारंवार जुलाब, पोटात कळा, शौचात रक्त, हे कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांनीसुद्धा होऊ शकतं, तेव्हा जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनाने घेऊ नका, डॉक्टरला अँटिबायोटिक घेतलं होतं हे आवर्जून सांगा.

पायरी ९: कधी थांबवायचं आणि उरलेल्याचं काय

चिठ्ठीवर जितके दिवस आहेत तितके दिवस. यावर बऱ्याच वर्षांपासून वाद चालू आहे की लांबलचक कोर्स खरंच लागतात का, आणि बऱ्याच इन्फेक्शनमध्ये आता आधीपेक्षा कमी दिवस देतातही, साध्या न्यूमोनियाला सुधारणा असेल तर पाच दिवस पुरतात असं बऱ्याच गाइडलाइन्स म्हणतात. पण ते आजारावर ठरतं, टीबीला महिनोन्‌महिने लागतात. त्यामुळे बरं वाटलं म्हणून स्वतः बंद करू नका, "बरं वाटतंय, थांबवू का?" असा फोन करा, डॉक्टर हो म्हणाला तर गोळ्याही वाचल्या. ॲझिथ्रोमायसिन तीनच दिवस दिलं म्हणून कमी दिलं असं समजून आणखी दोन दिवस वाढवू नका, ते शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, म्हणूनच कोर्स छोटा असतो.

गणित नीट केलं असेल तर काही उरत नाही. डॉक्टरने औषध बदललं वगैरे कारणाने उरल्याच तर न कापलेली, सीलबंद स्ट्रिप बिलासकट परत घेतात का ते दुकानात विचारा, काही ठिकाणी घेतात. उघडलेल्या ठेवू नका, कुणाला देऊ नका, मुदत संपलेल्या टेट्रासायक्लिनने तर किडनीला इजा झाल्याच्या जुन्या नोंदी आहेत. जुनी औषधं गोळा करायची सोय जवळ असेल तर तिथे द्या, नसेल तर गोळ्या स्ट्रिपमधून काढून खराब कचऱ्यात कालवून, पिशवी बंद करून टाका. बेसिनमध्ये किंवा संडासात ओतू नका.

पायरी १ चा कागद फेकू नका, त्याच्यावर औषधाचं नाव, पॉवर, किती दिवस घेतलं, गुण आला की नाही आणि काही त्रास झाला का एवढं लिहून, मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर विचारेल तेव्हा "ती लाल-पांढरी कॅप्सूल होती" असं सांगायची वेळ येणार नाही.